डावा कोपरा

तिनं पंप बंद केला तसं काचेच्या टाकीतलं पाणी थबकलं. डाव्या कोपऱ्यातली प्रवाळं डुलायची थांबली. आता उरकायला हवं होतं. खाऱ्या पाण्यातले हे जीव वाहत्या पाण्यावर जगतात, पंप फार वेळ बंद ठेवायचा नाही, ही नवऱ्याची ताकीद होती.

तिनं मोबाइलवर छोटं भिंग चढवलं, वरच्या दिव्याचा निळा रंग गाळायला नारिंगी चकती लावली आणि श्वास रोखून काचेशी वाकली.

"काचेला सरळ धरायचं," ती पुटपुटली. "तिरकं धरलं की रंग फाटतात."

"कुणाशी बोलतेस?" सासूबाई टेबलापाशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"तुमच्या लेकाचे धडे गिरवतेय."

"गिरव बाई. घरात आपण दोघी खपतोय आणि फोटो मात्र माशांचे."

हसायचं त्राणही तिच्यात नव्हतं. रात्रभर बाळानं डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तिनं श्वास सोडला आणि सोडता सोडता बटण दाबलं. प्रवाळाचं नखाएवढं हिरवं तोंड, भोवती केशरी झालर. पडद्यावर ते ताटलीएवढं दिसत होतं. सुरुवातीला तिच्या फोटोत नुसता हिरवा धूर यायचा. आता झालरीचा धागा न् धागा सुटा येत होता.

नवरा दवाखान्यात होता, दुसऱ्या गावी. सोबतीला दीर. बाळाला तिथं येऊ देत नव्हते आणि बाळाला टाकून तिला जाता येत नव्हतं. म्हणून तो खाटेवरून शिकवायचा, ती इथून शिकायची. रोज एक फोटो पाठवायचा, हे ठरलेलं.

सगळे फोटो डाव्या कोपऱ्यातले. तेवढाच जिवंत राहिला होता. मागच्या महिन्यात बाळ फणफणलं होतं, आणि त्याचा ताप बघता बघता टाकीचा हीटर अडकलाय हे बघायचं राहून गेलं. हात घातला तेव्हा पाणी चहासारखं लागलं. नवऱ्यानं वर्षानुवर्षं हातानं वाढवलेलं बाकी सगळं आठवडाभरात हाडासारखं पांढरं पडलं. ती त्याला सांगणार होती. आज सांगू, उद्या सांगू करत भिंगाचं एक तिच्या लक्षात आलं होतं: त्यात जग नखाएवढंच मावतं, बाकीचं बाहेर ठेवता येतं.

फोटो पाठवला आणि लगेच त्याचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी नेहमीसारखी पाठ फिरवली. "मला मेलीला त्यात काही दिसत नाही," असं त्या रोज म्हणत. कान मात्र फोनकडे.

"भारी आलाय," तो म्हणाला. "श्वास सोडताना दाबलंस ना?"

"हो गुरुजी."

"चेलीनं गुरूला मागे टाकलं. आता एक लांबून काढ ना. सगळी टाकी. किती दिवस झाले, नुसती नखंच बघतोय."

"काच पुसायची राहिलीय."

"असू दे की."

"उजेड नाही नीट."

"भरदुपारी?"

ती पडद्याकडे बघत राहिली. भुवयांपर्यंत ओढलेली टोपी, डोळे, हनुवटी. कालही एवढंच होतं. परवाही. आधी तो फोन टेकवून ठेवायचा, तेव्हा मागची खिडकी दिसायची, सलाइनची बाटली दिसायची, दिराचा पसारासुद्धा दिसायचा. हल्ली फोन नाकाला चिकटवल्यासारखा. फोटोबाहेर काय ठेवायचं हे तिला टाकीनं शिकवलं. ह्याला कुणी शिकवलं?

"आधी तू," ती म्हणाली.

"मी काय?"

"फोन लांब धर. हात पुरता लांब कर."

तो हसला. हसताना गालाचं हाड वर आलं, आणि त्यानं झटकन फोन आणखी जवळ घेतला. नुसते डोळे उरले.

"किती गेली टाकी?" त्यानं हळूच विचारलं.

"तू किती उतरलास?"

पडद्यावरचे डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"असं करू," तो म्हणाला. "एकदमच. तीन म्हटलं की दोघांनीही मागे व्हायचं. मी हात लांब करतो, तू टाकी दाखव. कबूल?"

"कबूल."

"एक."

"दोन," ती म्हणाली.

तीन कुणी म्हणेना. पाळण्यात बाळानं कूस बदलली. टाकीतलं पाणी अजून तसंच थांबलेलं होतं. पंप सुरू करायला हवा, हे तिला कळत होतं, पण हात उचलत नव्हता.

मागे खुर्ची सरकली. सासूबाई हातातलं झबलं टेबलावर ठेवून तिच्या खांद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा त्यांनी झटकून पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"तीन," त्या म्हणाल्या.