दोन्हीकडची दारं

बाबा गेले आणि गाडीवर कव्हर चढलं, ते चढलंच. जाण्याआधी महिनाभरच त्यांनी पुढच्या दोन्ही दारांचे स्टॉपर, म्हणजे दार उघडं धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या, नवेकोरे बसवून घेतले होते. त्यानंतर गाडी जागची हलली नव्हती. आता विकायची म्हणून मुलाने मेकॅनिकला घरी बोलावलं.

मेकॅनिकने ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार पूर्ण उघडून हात सोडला, तर ते तसंच परत येऊन त्याच्या नडगीवर आदळलं.

"स्टॉपर पार झिजलाय की हो! रोजची उघडझाप दिसतेय."

मुलगा चक्रावला. मागे उभी असलेली आई ओशाळली.

"मीच बसते रे संध्याकाळची. घर खायला उठतं."

मुलाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मेकॅनिकने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. तेही तसंच परत आलं.

"आई, तू या बाजूनेही बसतेस?"

 

"छे, मी कशाला? तिकडून हे येतात. आणि गाडी विकायचं जरा हळू बोल."