सुकटीची चिमूट

चांगुणा कोळीण परळच्या बाजारात सुकट विकायची. पायांना सूज आली, चार पावलांत धाप लागू लागली. गोऱ्या डॉक्टरने छातीला नळी लावून बजावलं, “काळीज थकलंय. मीठ-मासळी बंद. दूध-पेजेवर राहायचं.” धसका घेतलेल्या सुनेने टोपलीच लपवली. “त्यानं खाणं बंद केलंय, विकणं नाय!” म्हणत चांगुणाने टोपली हुडकली आणि बाजार गाठला. सूनही मागोमाग आली. अळणी पेज गिळून चांगुणाच्या तोंडाची चव गेली होती. सुकटीच्या वासाने जीव कासावीस व्हायचा. एक बाई अडून बसली, “जुनी नाही ना? आधी तू खाऊन दाखव.” एरवी चांगुणा बेधडक खाऊन दाखवायची. तिने चिमूट उचलली, ओठांपर्यंत नेली. सून तिचा हात धरायला पुढे सरकली. चांगुणाने हात वळवून चिमूट बाईपुढे धरली. “मी खाल्ली तर मरीन, बाय. तू खा, उद्या परत येशील!”