मधला थांबा

काँक्रीटची गाडी रिकामी होऊन प्लांटवर परत आली. ती धुवायला नळी घेऊन उभ्या असलेल्या शेवंताबाईला ड्रममधून ठोके ऐकू आले. ठक, ठक, ठक. मग थोडी शांतता. पुन्हा ठक, ठक, ठक. आत माणूस नव्हता. ड्रमला आतून दिलेला नवा लेप स्वतःच थरथरून चिकटलेलं काँक्रीट पाडत होता.

"साहेब, हा मधेच का थांबतो?"

"मावशी, ड्रममध्ये उतरून काँक्रीट फोडणाऱ्या आपल्या छिन्नीवाल्यांचे ठोके ऐकवून लेपाला हे काम शिकवलंय," इंजिनिअर सप्रे म्हणाले. "त्यातला एक जण असा थांबत थांबत फोडायचा. लेपानं तेही उचललं. का थांबायचा, कोण जाणे."

तिला ठाऊक होतं. उभा जन्म ड्रममध्ये उतरून धूळ गिळलेला तिचा नवरा, भिवा, तेवढ्यात खोकून घ्यायचा. लेप तयार होईपर्यंत तो जगला नाही.

"राहू द्या की तेवढं," ती म्हणाली.

"फुकट वेळ जातो हो. उद्या तो थांबा काढतोय."

दुसऱ्या दिवशी ठोके एकसारखे पडत राहिले. शेवंताबाई नळी धरून ऐकत राहिली. आता भिवाला खोकायलाही सवड नव्हती.