वाळूच्या टेकडीआडची घरं

"मर्यादवेल उपटायची अक्कल कोणाची?" गाडीचं दार धाडकन लावत टेपवालीने विचारलं.

कंपनीचा मॅनेजर हसला. "प्रवास कसा झाला, मॅडम? आधी चहा घेऊ या ना."

"चहा राहू द्या. वेल कुठे गेली ते सांगा."

ती वेल म्हणजे त्या किनाऱ्याची राखणदारच होती. तिच्या मुळांनी वाळूची टेकडी धरून ठेवली होती, आणि टेकडीच्या आडोशाने मच्छीमारांची वस्ती एकेक वादळ काढत आली होती. आता तिथे गालिचा अंथरावा तशी कापीव हिरवळ होती.

"वाळू भाजते हो पायांना," मॅनेजर म्हणाला.

"कोणाच्या पायांना? इथल्या माणसांचा जन्म गेला अनवाणी!"

मॅनेजरने खाली पाहिलं आणि बुटावरची वाळू झटकली.

टेपवाली हे नाव तिला वस्तीनेच दिलेलं. आर्किटेक्ट असून ती कचेरीत कमी आणि त्यांच्या झोपड्यांतच जास्त असायची, हातात सदा मोजायची टेप. वारा कुठून येतो, भरती कुठवर चढते, जाळी कुठे सुकतात, सगळं विचारून विचारून तिने लोकांना भंडावून सोडलं होतं. कंपनीला हॉटेलसाठी किनारा हवा होता. तिने ठणकावून सांगितलं होतं, आधी या लोकांची घरं, ती याच जागी, मग बाकीचं. कंपनीने मान डोलावली, तेव्हाच तिने पेन्सिल उचलली.

घरंही तशीच बेतली होती. लाकडी खांबांवर उचललेली, म्हणजे भरतीचं पाणी खालून येऊन मुकाट निघून जाईल. छपरं गवताची आणि टेकडीपेक्षा ठेंगणी. होडीतून पाहिलं तर इथे घर आहे याचा पत्ताही लागू नये. सांगाडे उभे राहिले आणि तिला दुसऱ्या कामावर लांब जावं लागलं. त्यानंतर ती आजच येत होती. उद्या एका मोठ्या पारितोषिकाचे परीक्षक वसाहत पाहायला येणार होते, आणि त्यांना माहिती द्यायला कंपनीने तिला बोलावलं होतं.

पहिल्याच घराशी तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाऱ्यासाठी भिंतीत ठेवलेल्या उघड्या जाळीवर काच बसवली होती.

"आत माणसं उकडून मरायची आहेत का?"

"एसी आहे ना, मॅडम."

"मच्छीमाराच्या घरात एसी? वा! मासेही तिथेच थंड करा म्हणावं!"

पुढच्या घराच्या पायरीवर एक बाई जाळं विणत बसली होती. तिला पाहताच टेपवालीचा राग अर्धा उतरला.

"मावशी! ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं," मावशी उठत म्हणाली. "टेपवाल्या बाई. वाळलात हो."

ही मावशी म्हणजे वस्तीची तोफ. कंपनीच्या पहिल्या सभेत तिने साहेबांच्या हातातला ध्वनिवर्धक काढून घेतला होता आणि असं काही सुनावलं होतं की साहेब घाम पुसत बसले होते. आज मात्र ती बोलण्याआधी दारातल्या मॅनेजरकडे एक नजर टाकत होती.

आत सगळं लख्ख होतं. पलंगपोसावर एक सुरकुती नाही. टेपवालीला बरं वाटलं. घर जपलंय बाईने.

"पाणी देते," म्हणत मावशीने एक कपाट उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं, मग तिसऱ्यात पेला सापडला. वय झालं बिचारीचं, टेपवालीच्या मनात आलं.

"घर कसं वाटतं, मावशी?"

"छान आहे. वारा... म्हणजे, छान आहे."

"वारा कसला! काच मारलीय त्यावर. समोरची वेल उपटली. आणि तुम्ही काही बोलला नाहीत? तुम्ही?"

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, बाई?"

"अहो, पण घर तुमचं, वाळू तुमची! उद्या टेकडी ढासळली तर हा मॅनेजर येणार आहे का पोरं उचलायला? कुठे आहेत पोरं?"

"आहेत. घरीच असतात," मावशी म्हणाली, आणि लगेच पेला विसळायला वळली.

टेपवालीला ते कळलंही नाही, इतकी ती पेटली होती. ती मॅनेजरकडे वळली. "ऐका. उद्या परीक्षकांपुढे मी सगळं सांगणार. हिरवळ, काचा, एसी, एकूण एक. गेलं पारितोषिक तर गेलं. माझं नाव खराब झालं तरी बेहत्तर. मी ही घरं ज्यांच्यासाठी बांधली, त्यांच्या तोंडाला तुम्ही कुलूप घालता म्हणजे काय?"

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "तुमची मर्जी, मॅडम."

"मावशी, तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं. पहिल्या सभेसारखं खणखणीत बोलायचं. राहाल ना?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं. काही क्षण ती जुनी तोफ डोळ्यांत चमकून गेली, असं टेपवालीला वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. समोरच्या, शेजारच्या, पलीकडच्या घरांची दारं भराभर उघडली आणि बायका-पुरुष पायऱ्या उतरून रस्त्याकडे चालू लागले. मावशीने घाईघाईने जाळं खुंटीला अडकवलं, पलंगपोसावरून हात फिरवला, दार ओढून घेतलं आणि किल्ली मॅनेजरच्या हातात ठेवली.

"निघते, साहेब. बस चुकली तर घरी पोचायला अंधार होतो," ती म्हणाली. "आणि उद्या पाहुण्यांपुढे मी याच घरात बसायचं, की समोरच्या?"