पाचच्या आत

पाचच्या आत दोनपैकी एका विद्यापीठाला हो कळवायचं होतं. सव्वातीन वाजले तरी धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईच्या शिवणाच्या दुकानात ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

बेतायच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी खाकी कागदावर तिने पेन्सिलीने दोन रकाने पाडले होते. परदेशातली दोन विद्यापीठं, विषय एकच, आंतरराष्ट्रीय व्यवसाय. एकाचं नाव घेतलं की लोक भुवया उंचावत. दुसऱ्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं, पण तिथे अख्खं एक वर्ष कंपनीत काम करायला मिळणार होतं. शिवाय ते दादाच्या शहरात होतं. पाच वर्षांपूर्वी तो त्याच विद्यापीठात शिकायला गेला आणि आता तिथेच कुठल्याशा कंपनीत मॅनेजर होता.

"बस गं जरा," आई म्हणाली. "माझी शिलाई वाकडी जायला लागली."

"मग माझ्याकडे बघू नकोस."

"बघत नाहीये. तुझ्या चपला ऐकतेय."

धाकटी बसली. रकाने पुन्हा वाचले. डावीकडे नऊ मुद्दे, उजवीकडे आठ. तिने डावीकडचा एक खोडला, परत लिहिला आणि उठली. आई सकाळपासून एवढंच म्हणाली होती की दादाजवळ गेलीस तर बरं होईल. तेवढ्यानेच तिचं डोकं उठलं होतं. ती काय लहान होती, दादाने सांभाळायला?

तेवढ्यात दादाचाच फोन आला. ती दुकानाच्या पायरीवर गेली.

"इथलं घेऊ नकोस," तो म्हणाला. "कोर्स बरा नाही. राहायला जागा मिळत नाही. थंडी तर विचारू नकोस."

"मी तुझ्याकडे राहणार नाहीये. घाबरू नकोस."

"तसं नाही गं. दुसरं मोठं आहे. ते घे."

त्याच्यामागे एखादी गाडी मागे येताना वाजते तसं काहीतरी वाजत होतं. कुणीतरी मोठ्याने हाक मारली. "मीटिंग आहे," म्हणून त्याने घाईघाईने फोन ठेवला.

ती आत आली ती धुसफुसतच. "तुझ्या लाडक्या लेकाला मी तिथे नकोय," ती म्हणाली आणि उजव्या रकान्यावर तिने आडवी काट मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

आईने मशीन थांबवलं. दाबपट्टी वर करून कापड बाजूला घेतलं, दोरा तोडला.

"तो मॅनेजर नाहीये," ती म्हणाली.

धाकटी वळली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गेल्या वर्षी त्याने शर्टांसाठी माप पाठवलं. जाताना छाती अडतीस होती, ती बेचाळीस झाली. दंड वाढले. कंबर दोन इंच उतरली. खुर्चीत बसणाऱ्याचं अंग असं होत नाही. हे ओझी उचलणाऱ्याचं माप आहे."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर फोन करायचा बंद झाला असता. आठवड्यातून एकदा खोटं का होईना, बोलतो तरी." आईने मांडीवरचे दोरे झटकले. "तुला त्याने सांभाळावं म्हणून नव्हते म्हणत मी. त्याच्याजवळ आपलं कुणीतरी असावं, एवढंच. पण शिकायचं तुला आहे. माझ्यासाठी जाऊ नकोस आणि त्याच्यासाठी तर मुळीच नको. पुढे दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघणार नाही तुम्ही."

एवढं बोलून तिने पुन्हा मशीन सुरू केलं.

धाकटीने लॅपटॉप मिटला. उघडला. बाटलीभर पाणी प्यायली. चार वाजले, मग साडेचार. एक गिऱ्हाईक येऊन तयार पँट घेऊन गेलं, तिच्याशी दोन शब्द बोललं, तिला एकही कळला नाही. एकदा तिचं बोट मोठ्या नावाच्या विद्यापीठावर जाऊन टेकलंही, पण दाबवेना. शेवटी तिने दादाला फोन लावला. त्याने तिसऱ्या खेपेला उचलला.

"एकच विचारते," ती म्हणाली. "तिथला कोर्स खरंच वाईट आहे?"

पलीकडे एक दार लागल्याचा आवाज आला.

"दादा, मला वीस मिनिटांत ठरवायचंय. वाईट असेल तर दुसरीकडे जाते. चांगला असेल तर तसं सांग."

"चांगला आहे," तो म्हणाला. मग, "फार चांगला आहे. मलाच झेपला नाही. दुसऱ्या वर्षी सोडला."

"ते वर्षभर कंपनीत काम देतात ते?"

"देतात. मुलं तिथेच नोकरीला लागतात पुढे." त्याने आवाज खाली आणला. "आईला यातलं काही..."

"आईला माहीत आहे."

फोन कट झाला की काय म्हणून तिने कानापासून दूर धरून बघितला. चालू होता. तिने तो खांदा आणि कान यांच्यात धरला, लॅपटॉप जवळ ओढला आणि उजव्या रकान्यातल्या विद्यापीठाला हो कळवून टाकलं. मशीन केव्हाच थांबलं होतं. आई पाठमोरी बसली होती, हात कापडावर तसेच ठेवून.

"येतेय मी," धाकटी म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, कोर्ससाठी."

"बरं."

"खरंच."

"बरं म्हटलं ना." तो खाकरला. "तारीख कळली की लगेच सांग. विमानतळावर यायचं तर मला शिफ्ट बदलून घ्यावी लागेल."