वारलूचा अंगठा

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बँकेच्या माणसाने वारलूचं मजुरीचं कार्ड मशीनमध्ये सरकवलं. वारलूने अंगठा टेकवला. “ओळख पटली नाही,” मशीन बोललं. त्याने अंगठा दुपट्ट्याला पुसून पुन्हा दाबला. तेच. मागची रांग कुरकुरली. त्याची बायको शेवंता पदराचं टोक पिळत होती. “मीच वारलू आहो! मशीनले माणूस समजत नाई काय?” तो खेकसला. तिने त्याला बाजूला सारून स्वतःचा अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, “वारलू भोयर. ओळख पटली.” “साहेब कार्डं बनवाले आले, तवा तुमी तलावात मासोळ्या धरून राह्यले होते. तुमचं नाव कटलं असतं, म्हून माहाच अंगठा देल्ला,” ती पुटपुटली. बँकेच्या माणसाने मान वर न करता नोटा तिच्याच हातात ठेवल्या. कार्ड कमरेला खोचत शेवंता म्हणाली, “पुढच्या खेपेले तुमी नाई आले तरी चालते.”