रोज उलटावं लागतं

फोन वाजला तेव्हा मिस्त्रींचे हात मनगटापर्यंत मिठाच्या पाण्यात होते. त्यांनी घाई केली नाही. चीजचा गोळा पाण्यातून उचलला, न्हाऊ घातलेल्या तान्ह्या पोरासारखा दोन्ही तळव्यांवर तोलला, अलगद फळीवर ठेवला आणि मगच हात पुसले.

हे त्यांचं दुसरं चीज. पहिलं इतकं चिवट झालं होतं की शेजारची ताई म्हणाली होती, "काका, हे खायचं की चपलेला ठोकायचं?" तेव्हापासून दूध तापवताना मिस्त्री डोळ्यांत तेल घालून उभे राहत. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून उरलेलं एक लोखंडी वजन यावेळी रात्रभर चीजवर ठेवलं होतं, आणि गोळा कसा घट्ट, गुळगुळीत उतरला होता.

ओट्याच्या कोपऱ्यात काचेच्या बरणीत द्राक्षांचा रस आंबत होता. झाकणातून काढलेली नळी पाण्याच्या वाटीत बुडवलेली. तिथून अधूनमधून 'बुडुक्' व्हायचं. घरात दुसरा आवाज नव्हता.

फोनवर मुलगा होता.

"बाबा, शाळेला सुट्टी लागतेय. या ना इकडे राहायला. पोरगं आठवण काढतं तुमची."

मिस्त्रींना उभ्या जागी हलकं वाटलं. पण पहिल्याच बोलावण्याला 'येतो' कसं म्हणायचं? माणसाने एकदा नाही म्हणावं, समोरच्याने आग्रह करावा, मग आढेवेढे घेत कबूल व्हावं.

"यायला काय रे, आलो असतो. पण चीज लावलंय. रोज उलटावं लागतं."

"काय लावलंय?"

"चीज. घरीच. नाही उलटलं तर खालून ओलं राहतं, बुरशी धरते. शिवाय वाइन आहे, तीही एकटी सोडता येत नाही."

बुडुक्.

"कोण आहे तिकडे?" मुलाने विचारलं.

"कोणी नाही. द्राक्षं बोलतायत."

मुलगा मोठ्याने हसला. मिस्त्रीही हसले. आता म्हणेल, खड्ड्यात गेलं तुमचं चीज, मी न्यायला येतो. ताईला किल्ली देऊ, ती उलटेल की रोज. एवढं तर करील. मिस्त्रींनी ओठांवर वाक्यसुद्धा आणून ठेवलं होतं : बरं बाबा, तू काही ऐकायचा नाहीस.

"मग राहू द्या," मुलगा म्हणाला. "एवढं मनापासून करताय, अर्धवट नका सोडू. पुढच्या सुट्टीत बघू."

आणि त्याने श्वास सोडला. अगदी हळू. पण सगळी नोकरी लिफ्टच्या मशीनच्या खोलीत काढलेल्या माणसाचा कान तो. दोरावरचा ताण सुटलेला त्याला न बघता कळायचा.

"तेच म्हणतो मी," मिस्त्री म्हणाले. "आणि माझी काळजी नको करूस. मला इथे वेळ पुरत नाही."

फोन ठेवून ते ओट्यापाशी आले. चीजखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. टिपायला हवं होतं, पण दोरीवरची फडकी अजून ओलीच होती.

ते आतल्या खोलीत गेले. पलंगाखालून बॅग ओढली, चेन उघडली. इस्त्रीचे शर्ट, दाढीचं सामान, नातवासाठी घेतलेली शिट्टी, सगळं जागच्या जागी होतं. सगळ्यात वर घडी केलेला नवा सुती टॉवेल होता. तेवढाच त्यांनी काढला. बाकी कशालाही धक्का न लावता चेन पुन्हा लावली आणि बॅग होती तशी पलंगाखाली सारली.